गाऱ्हाणे हीसुद्धा प्रार्थनाच



घरात मोठे आजारपण आले, नोकरी गेली, कर्जाचे हप्ते थकले किंवा हाताशी आलेला मुलगा अपघातात गेला, की आपल्या तोंडी काही ठरावीक वाक्ये येतात. "देवाची इच्छा." "देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो." "प्रार्थना कर, सगळं ठीक होईल." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ऐकणारा बहुतेक वेळा मान खाली घालून गप्प होतो, आणि आपण समजतो की त्याला धीर आला. प्रायश्चित्तकाळातील या अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. संकटात आणि ताणतणावात आपली श्रद्धा नेमके काय करते, आणि तिच्या नावाखाली आपण एकमेकांना कधी कधी गप्प कसे करतो?

ताण कोणाला चुकला?

श्रद्धावंताला ताण येत नाही, असे पवित्र शास्त्रात कुठेही सांगितलेले नाही. गेथशेमनी बागेत प्रभू येशूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असे संत लूक लिहितो (२२:४४). संत पौल करिंथकरांस लिहिताना आशिया प्रांतातील आपल्या संकटाची आठवण काढतो आणि कबूल करतो की ओझे शक्तीपलीकडचे होते, जगण्याचीही आशा सुटली होती (२ करिंथ १:८). रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, मिस्साला बसल्यावर मन लागत नाही, म्हणजे आपलाच विश्वास कमी पडला असे ज्यांना वाटते, त्यांनी ही दोन वचने बायबलमध्ये खूण घालून ठेवावीत.

१९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी माणसाच्या आयुष्यातील ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू, १०० गुण. स्वतःला झालेला आजार किंवा दुखापत, ५३. नोकरीवरून काढून टाकणे, ४७. निवृत्ती, ४५. गंमत म्हणजे लग्नालाही ५० गुण आहेत आणि नाताळला १२. चर्चमधील कामकाजात होणाऱ्या बदलालाही १९ गुण त्यांनी दिले आहेत. (पॅरिश कौन्सिलची बैठक लांबल्यास किती, हे मात्र यादीत नाही.) सांगायचे एवढेच, की बदल चांगला असो वा वाईट, तो सोसायला शरीराला आणि मनाला कष्ट पडतातच. मुलीच्या लग्नानंतर महिनाभर आईला रडू येते, त्यात नवल नाही.

या ओझ्याखाली माणूस धर्माचा आधार कसा घेतो, याचा अभ्यास केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षे केला. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन तऱ्हा सांगितल्या. मधुमेह झालेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. एक जण म्हणतो, हे माझे मीच बघेन, यात देवाचा काय संबंध. दुसरा म्हणतो, देव बघून घेईल, आणि गोळ्या कपाटात ठेवतो. तिसरा गोळ्या वेळेवर घेतो, भात कमी करतो, आणि रोज सकाळी देवाला म्हणतो की आजचा दिवस तू आणि मी मिळून काढू. हा तिसरा मार्ग धरणारी माणसे अडचणीला अधिक खंबीरपणे तोंड देतात, असे त्यांना दिसले. मात्र सगळे उपाय संपलेले असतात आणि आपल्या हाती खरोखरच काही उरत नाही, तेव्हा सर्वस्वी देवावर सोडण्यानेही माणसाला बळ मिळते. अतिदक्षता विभागाच्या बाहेर रात्र काढलेल्यांना हे सांगायला नको.

पुढे २००१ साली पार्गामेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५५ वर्षांवरील ५९६ आजारी लोकांची त्यांनी दोन वर्षे नोंद ठेवली होती. देवाने मला टाकले, देवाचे माझ्यावर प्रेम नाही किंवा हे सैतानाने केले, असे विचार ज्यांच्या मनात घर करून होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी अधिक आढळला. आजार किती गंभीर आहे आणि मनाची स्थिती कशी आहे, हे हिशेबात घेऊनही हा फरक उरला.

हा आकडा वाचून कोणी घाबरू नये. तो मोठ्या गटाचा हिशेब आहे, एखाद्याच्या नशिबाचा नव्हे. पण एक प्रश्न त्यातून उभा राहतो. मग असे विचार मनात आले तर काय करायचे? ते दाबून टाकायचे? "असं बोलू नये, पाप लागतं," असे म्हणून आजीने नातवाला गप्प करायचे? आमचे मत याच्या अगदी उलट आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे पवित्र शास्त्राचाच आधार आहे.

देवाशी भांडणारी स्तोत्रे

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. मिस्सामध्ये प्रतिसाद-स्तोत्र म्हणून आपण त्यांतील चार ओळी गातो आणि बसतो, त्यामुळे स्तोत्रे म्हणजे केवळ स्तुती अशी आपली समजूत झाली आहे. प्रत्यक्षात त्यांतील सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे ही विलापाची, म्हणजे गाऱ्हाण्याची आहेत. आपल्या कोकणात गाऱ्हाणे हा शब्द देवापुढे म्हणायच्या प्रार्थनेसाठीही वापरतात आणि तक्रारीसाठीही. या स्तोत्रांना तो दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

१३वे स्तोत्र उघडा. जेमतेम सहा वचने आहेत. सुरुवातीच्या दोन वचनांत स्तोत्रकर्ता देवाला चार वेळा विचारतो की हे असे कुठवर चालणार. तू मला विसरलास का, तोंड का लपवतोस, असे तो थेट विचारतो. पुढच्या दोन वचनांत तो मागणे मांडतो. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो की तुझ्या दयेवर माझा भरवसा आहे, मी गाईन. मधल्या काळात त्याचा प्रश्न सुटला का? तसे काहीही लिहिलेले नाही. शत्रू तिथेच आहे, दुखणे तिथेच आहे. तरी ज्याच्याशी भांडतो त्याच्याकडेच त्याने तोंड ठेवले आहे. रागावलेले मूल आईला गुद्दे मारते, पण मारते तिच्या कुशीत शिरूनच.

६९व्या स्तोत्रात पाणी गळ्यापर्यंत आले आहे आणि पाय टेकायला जागा नाही. ४२व्यात अश्रू हेच रात्रंदिवसाचे अन्न झाले आहे. यांच्या शेवटी आशेचा शब्द येतो. पण ८८वे स्तोत्र वेगळे आहे. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. शेवटी स्तुतीचा स्वर नाही, आभार नाहीत. शास्त्र लिहून ठेवणाऱ्यांना ते वगळता आले असते. त्यांनी ते ठेवले. एवढेच नव्हे, ख्रिस्तसभेच्या प्रहरप्रार्थनेत दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र म्हटले जाते. आपले धर्मगुरू आणि धर्मभगिनी, स्वतःचे मन त्या दिवशी आनंदात असले तरी, जगात कुठेतरी त्या अंधारात बसलेल्या माणसाच्या वतीने ते म्हणतात. आपल्यापैकी कोणी शुक्रवारी रात्री उशीला तोंड लावून रडत असेल, तर त्याच्यासाठी ही प्रार्थना त्या वेळी कोणीतरी म्हणत आहे.

आणि प्रभू येशू? क्रूसावर त्याने जी आरोळी मारली ती २२व्या स्तोत्राची सुरुवात होती. देवाने मला का सोडले, हा प्रश्न मार्क आणि मत्तय या दोघांनीही त्याच्या तोंडचा म्हणून नोंदवला आहे. देवाच्या पुत्राने जो प्रश्न विचारला तो विचारल्याने आपल्याला पाप कसे लागेल?

संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना धक्का बसला. जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, अंधार आणि पोकळी जाणवत होती, हे त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिले होते. काही वृत्तपत्रांनी तेव्हा विचारले की त्यांची श्रद्धा खरी होती की नाही. ख्रिस्तसभेने २०१६ साली त्यांना संत म्हणून जाहीर केले, ही पत्रे सर्वांसमोर असतानाच. त्या पत्रांकडे पाहताना आम्हांला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्यांनी ते कोणाला तरी सांगितले होते. संत इग्नेशियस लोयोला यांनीही आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात हाच इशारा दिला आहे. सैतानाला गुप्तता आवडते. मनातली उदासी जाणत्या, विश्वासू माणसाला सांगितली की त्याचा डाव फसतो. त्यांचा आणखी एक नियम अतिशय व्यवहारी आहे. मन उदास असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. नोकरीचा राजीनामा, जमिनीचा सौदा, घरातली वाटणी, सोडचिठ्ठी, हे सर्व थोडे थांबू शकते.

सामान्य माणसाला हे गाऱ्हाणे कधी कोणी शिकवावे लागले नाही, ही गोष्टही इथे नोंदवावीशी वाटते. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना होते आणि लोक तिथे आपली मागणी आणि आभार कागदावर लिहून ठेवतात. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत मिळते. गुडघा दुखतो त्याने मेणाचा पाय अर्पण करायचा. शिकलेली माणसे या प्रकाराला कधी कधी हसतात. आम्ही हसणार नाही. जे दुखते ते हातात धरून आईपुढे ठेवण्याचीच ती रीत आहे. सौदा मात्र करू नये. नऊ बुधवार केले म्हणजे देवाने दहाव्या गुरुवारी नोकरी दिलीच पाहिजे, असा करार कोणत्याही बुधवारच्या भक्तीत नाही. आणि तो मोडला असे वाटून ज्यांनी चर्चला येणे सोडले, अशी घरे आपल्याला माहीत आहेत.

सांत्वन करायला जाणारे

एलिया संदेष्ट्याची गोष्ट (१ राजे १९) आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे, पण ती पुन्हा वाचावी. कार्मेल डोंगरावर नुकताच त्याचा मोठा विजय झाला आहे. तरी ईजबेल राणीची धमकी येताच तो पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो की पुरे झाले, आता माझा जीव घे. देवाने त्याच्याकडे दूत पाठवला. त्या दूताने उपदेश केला नाही. विश्वास कुठे गेला, असे विचारले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी ठेवला, त्याला हात लावून उठवले आणि खायला सांगितले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिले. मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला सांगितले, कारण पुढचा पल्ला मोठा होता. देवाशी जे बोलणे व्हायचे ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर झाले. तिथेही देवाने त्याचे गाऱ्हाणे एकदा नव्हे, दोनदा ऐकून घेतले, आणि शेवटी त्याला अलीशा हा सोबती दिला.

भाकर, पाणी, झोप, ऐकून घेणे, सोबत. मयताच्या घरी पहिल्या दिवशी चूल पेटत नाही म्हणून शेजारची बाई पेजेचे पातेले घेऊन जाते, तेव्हा ती त्या दूताचेच काम करत असते.

ईयोबाच्या ग्रंथात याची दुसरी बाजू दिसते. ईयोबाचे तीन मित्र, एलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याला भेटायला आले आणि सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द बोलले नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. इथपर्यंत त्यांचे सगळे बरोबर होते. मग ईयोबाने तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि मित्रांना राहवले नाही. तू काहीतरी पाप केले असशील, देव अन्याय करत नाही, असे सांगत ते पुढचे कित्येक अध्याय बोलत राहतात. वाचताना लक्षात येते की ते देवाची बाजू मांडत आहेत आणि त्यांची बरीच वाक्ये ऐकायला धार्मिक आहेत. तरी शेवटच्या अध्यायात (४२:७) देव त्यांच्यावर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे. ज्याने देवाला जाब विचारला त्याला देवाने आपला सेवक म्हटले.

म्हणून दुःखी घरी जाताना आपण काय बोलतो याचा विचार करू या. बाळ गमावलेल्या आईला "देवाला चांगली फुलं हवी असतात" असे म्हणू नये. फुले तोडणाऱ्या देवावर प्रेम कसे करायचे, हा प्रश्न ती वर्षानुवर्षे उराशी धरून बसते. कर्करोगाच्या रुग्णाला अमक्याच्या काकाचे काय झाले ते सांगू नये. "काही लागलं तर सांग" यापेक्षा "गुरुवारी केमोला मी गाडी घेऊन येतो" हे उपयोगाचे. आणि चौदा स्थानांच्या क्रूसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी थांबाल तेव्हा शिमोन कुरेनेकराकडे नीट पाहा. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याने फक्त लाकूड खांद्यावर घेतले, तेही जबरदस्तीने.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेमकी हीच गोष्ट आपल्याकडून हिरावली गेली होती. चर्चची दारे बंद होती. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२०ला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला पुन्हा उघडली. त्या काळात जे गेले त्यांना खांदा द्यायला माणसे नव्हती, घरी संध्याकाळची रोझरी म्हणायला शेजारी येऊ शकत नव्हते. मिस्सा मोबाइलवर पाहिली, पण परमप्रसाद मोबाइलवर मिळत नाही. त्या घरांतले काही शोक अजून ओले आहेत असे आम्हांला जाणवते. वर्षे उलटली म्हणून आता कसे जायचे, असा संकोच करू नये. त्या घरी आजही जाता येते, बसता येते, गेलेल्याचे नाव घेऊन एक रोझरी म्हणता येते.

तेल आणि औषध

फादर तेल घेऊन घरी आले म्हणजे आता सारे संपले, ही भीती आपल्यात अजून आहे. रुग्णाला कळू नये म्हणून काही जण धर्मगुरूंना शेवटच्या तासापर्यंत बोलावत नाहीत, आणि मग रुग्ण शुद्धीवर नसतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, आणि १९७२ साली पोप सहावे पौल यांनी त्याचा विधी नव्याने दिला. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, गंभीर आजारात, म्हातारपणी शक्ती खचली असताना तो घ्यावा. आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. संत याकोबाने आपल्या पत्रात (५:१४) आजाऱ्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. बोलावणे आजाऱ्याने करायचे आहे, म्हणजे तो बोलू शकतो तेव्हा. त्याच्या मनातली भीती आणि देवावरचा रागसुद्धा धर्मगुरूंना सांगण्याची हीच वेळ असते.

दुसऱ्या टोकाला, प्रार्थना सुरू आहे म्हणून औषध बंद करणारेही आहेत. हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. बेन सिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय काढून पाहा: वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे, औषधे देवाने जमिनीतून उपजवली आहेत, आजारात प्रार्थना करा आणि वैद्यालाही त्याची जागा द्या. मनाच्या आजारालाही हेच लागू आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नको, कशात रस नाही, जगून काय उपयोग असे वाटते, तर पापनिवेदनाच्या बरोबरीने डॉक्टरही हवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे वेडा ठरणे नव्हे. रक्तदाबाची गोळी आपण लपवून घेत नाही, मग नैराश्याची का लपवावी?

लूर्डच्या बर्नादेतची आठवण इथे होते. १८५८ साली तिला पवित्र मरियेची दर्शने झाली आणि तिने हातांनी उकरलेल्या झऱ्यावर आजवर लाखो आजारी गेले. ती स्वतः मात्र लहानपणापासून दम्याने हैराण होती आणि १८७९ साली, वयाच्या ३५व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर वारली. जिने झरा दाखवला ती बरी झाली नाही, आणि तिची श्रद्धा कमी पडली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

जे स्वतःहून गेले

एका गोष्टीविषयी चर्चच्या आवारात आपण कुजबुजतो, पण उघड बोलत नाही. आपल्यातल्या काही कुटुंबांनी आपले माणूस आत्महत्येत गमावले आहे. दुःखाबरोबर त्यांच्या वाट्याला लाजही आली, आणि जोडीला एक भयंकर प्रश्न: तो नरकात गेला का?

१९१७च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात, जाणूनबुजून जीव देणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. जुन्या पिढीच्या मनात तेच बसले आहे. १९८३च्या नव्या कायदासंहितेत ती तरतूद नाही. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २२८० ते २२८३) जीवन देवाचे आहे, आपण त्याचे केवळ कारभारी आहोत, हे ठामपणे सांगितलेले आहेच. पण तीव्र मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा अशांसाठी प्रार्थना करते, हेही तिथेच स्पष्ट लिहिले आहे. देशाच्या २०१७च्या कायद्यानेही, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. तेव्हा अशा घरातील मृताच्या नावाने मिस्साचा हेतू द्यायला कोणी लाजू नये, आणि रोझरीला जायला शेजाऱ्याने कचरू नये.

ज्यांच्या मनात आज असा विचार येत असेल, त्यांनी तो कोणाला तरी सांगावा: घरच्यांना, धर्मगुरूंना, धर्मभगिनींना, मित्राला. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. दुसऱ्या कोणी आपल्याला असे सांगितले, तर त्याला ओरडू नये आणि एकटे सोडू नये. हा विषय काढला तर विचार बळावेल असे समजून तो टाळूही नये. सरळ विचारावे. विचारल्याने बहुधा त्याचे ओझे हलकेच होते.

या आठवड्यात

आपल्या वाडीतील लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत या आठवड्यात १३वे स्तोत्र सावकाश दोनदा वाचावे. मग पाच मिनिटे शांतता ठेवून प्रत्येकाने एका कागदावर स्वतःचे गाऱ्हाणे लिहावे. देवाला नावाने हाक मारून सुरुवात करावी. काय दुखते ते आडपडदा न ठेवता लिहावे. शब्द गोड नसले तरी चालतील. काय हवे ते मागावे. भरवशाचे वाक्य मनातून आले तर लिहावे, न आले तर ८८व्या स्तोत्रासारखे तिथेच थांबावे. उगाच जोडू नये. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी एक रेघ ओढली तरी पुरे, देवाला ती वाचता येते.

कागदावर नाव घालू नये आणि तो कोणालाही वाचून दाखवू नये. येत्या रविवारी अर्पणविधीच्या वेळी वेदीपाशी एक झाकणाची टोपली असेल, तीत तो टाकावा. आजारी आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्यांचे कागद परमप्रसाद घेऊन जाणाऱ्या सेवकांजवळ द्यावेत. टोपली उघडली जाणार नाही. पुनरुत्थानाच्या जागरविधीच्या रात्री चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटवला जाईल, तेव्हा ते सारे कागद न वाचता त्यात घालण्यात येतील.

बैठकीनंतर चहा ठेवावा आणि लगेच उठून जाण्याची घाई करू नये. कोणाला काही बोलायचे असेल, तर ते बहुधा त्याच वेळी बोलले जाते.